नाय म्हणायचं बटण

बातमी आली तेव्हा मी कुंदावर चिडलेलीच होते. रोह्यातल्या माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी एक जुना प्रेशर गेज उघडून बसले होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. दोन दिवसांपूर्वी पेणच्या एसटी स्टँडवर आमची चांगली जुंपली होती. ते भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि उरलेलं रविवारी तिच्या गावी जाऊन भांडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास हिरामावशीचा फोन आला. हिरामावशी म्हणजे कुंदाची सख्खी मावशी. पेणच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून त्यांचं गाव आहे, तिथे राहते. सगळी हयात मिठागरात आणि बांधावर गेलेली बाई, फोनवरही पलीकडच्या बांधावर हाक मारल्यासारखी बोलते. त्या दिवशी तिचा आवाज इतका बारीक होता की मला दोनदा ‘कोण बोलतंय?’ विचारावं लागलं. “शीला, कुंदा गेली गो,” ती म्हणाली. “चा ठेवला व्हता तिनं चुलीवर. चा तसाच हाय…” मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, असं कसं जाईल, आमचं भांडण बाकी आहे. खरंच असं म्हणाले. मग गेज तसाच उघडा टाकून पेणची गाडी पकडली.

त्याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात तिच्या संस्थेत शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. मानवकेंद्री तंत्रज्ञानाची खंदी पुरस्कर्ती, संशोधनाला मूल्यांचं अधिष्ठान देणारी विदुषी, वगैरे वगैरे. कुंदा तिथे असती तर माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाली असती, ही कोण बाई गो, आपण ओळखतो का हिला? हार घातलेला फोटो भांडत नाही, ही त्याची मोठी सोय असते. फोटोचं कौतुक करता करता, ज्या एका गोष्टीसाठी ती बाई शेवटपर्यंत अडून बसली, ती गोष्ट हळूच बाजूला सरकवता येते. तसं होऊ घातलंय. म्हणून मी हे लिहितेय. मी लेखिका नाही, कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. जे लिहीन ते रागानंच लिहीन, त्याला इलाज नाही.

आम्ही दोघी भेटलो तंत्रनिकेतनात. वर्गात मुली दोनच, ती आणि मी. प्रयोगशाळेत स्टूल कमी पडायची, आणि मुलांनी आधी पटकावलेली असायची, म्हणून आम्ही एका स्टुलावर दोघी बसायचो. ती अर्ध्यावर, मी अर्ध्यावर. तिथूनच भांडायची सवय लागली. ती पुढे शिकत गेली, डॉक्टरेट मिळवली, शहरातल्या संशोधन संस्थेत लागली. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला लागले. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि त्या नावाशी इथे काही कामही नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या प्लँटवर वायुगळतीचा भोंगा होता. तो कशानंही वाजायचा. कुणी वेल्डिंग केलं की वाजायचा, हवा दमट झाली की वाजायचा. बंद करायचा अधिकार फक्त वरच्या ऑफिसला, आणि वरचं ऑफिस फोन उचलायचं नाही. ज्याच्या कानाशी तो कोकलायचा त्याला त्याचं तोंड बंद करता यायचं नाही. मग एका शिफ्टला वैतागून आम्ही त्याच्या तोंडात चिंधी कोंबली. आम्ही म्हणजे मी. शिडीवर चढून, माझ्या हातानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे काही महिन्यांनी खरी गळती झाली तेव्हा भोंगा गुरगुरल्यासारखा वाजला, म्हणजे वाजलाच नाही. आमच्यातल्या एकाचे डोळे कायमचे अधू झाले. चौकशीत चिंधीचं नाव कुणीच घेतलं नाही, मीही घेतलं नाही. सगळ्या जगात ही गोष्ट मी फक्त कुंदाला सांगितली होती.

काही वर्षांपूर्वी तिच्या संस्थेनं खाडीच्या बांधांसाठी इशारा देणारं यंत्र बनवायचं काम घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पेणच्या खाडीकाठी खारं पाणी अडवायला मातीचे लांबच लांब बांध आहेत. आत भातशेती, बाहेर खाडी. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, पाणी बांधाला धडका देतं, आणि कुठे भोक पडलं की बघता बघता त्याची खांड होते, म्हणजे बांधाला मोठं भगदाड पडतं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते शेत पुढे कितीतरी हंगाम भात देत नाही. कुंदाला हे शिकवायची गरज नव्हती, तिचं बालपणच त्या बांधावर गेलेलं. तिने बांधात खांब रोवले, मातीत तारा पुरल्या, ओल वाढली की कळावं अशी सोय केली. मी तेव्हा नोकरी सोडलेली होती. तिनं मला पेट्या जोडायला बोलावलं आणि मी गेले. मग रंगीत तालीम ठरली.

त्या दिवसाची आठवण आली की अजून हसू येतं. शाळेच्या उंच पटांगणात मांडव घातला होता, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, संस्थेची मोठी माणसं. भोंगा वाजणार, त्याच्या मागोमाग एका प्रशिक्षित बाईच्या आवाजात सूचना येणार, की बांधास धोका निर्माण झाला असून नागरिकांनी शांतपणे शाळेच्या आवारात जमावे. भोंगा वाजला. सूचना झाली. आम्ही वाट बघतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पटांगणात कुत्रं फिरकलं नाही. शेवटी काठी टेकत एक म्हातारे आजोबा आले. साहेबांनी उठून त्यांचं स्वागत केलं आणि बाकीचे लोक कुठे आहेत, ते विचारलं. आजोबा म्हणाले, “बांधावर गेली सगली. माझ्यानं धाववत नाय, म्हणून हितं आलो.” आम्ही बांधाकडे धावलो. तिथे अख्खा गाव. घरटी एक माणूस, फावडं, घमेलं, पेंढ्याचा भारा घेऊन, आणि सगळे जाम भडकलेले. कारण त्या गावात खांड पडली म्हटलं की माणसं पळून जात नाहीत. माणसं खांडीकडे पळतात. पहिल्या अर्ध्या तासात माती पडली तर बांध वाचतो, नाहीतर नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आमचं यंत्र त्यांना सांगत होतं पळा, आणि कुठे पडली ते सांगतच नव्हतं. हिरामावशी कमरेवर हात ठेवून भाचीला म्हणाली, एवढा भोंगा वाजवलास, पन कुठं धावायचं ते कोन सांगनार? सगळा बांध पालथा घालायचा काय?

कुंदा तिथेच चिखलात बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. “माझा बाप याच बांधावर धावायचा गो,” ती म्हणाली, “आणि मीच विसरले.” ती विसरली होती, कारण तिच्या संस्थेत इशारा म्हणजे पळा, हे इतकं गृहीत होतं की कुणी विचारलंच नव्हतं. तिनंही नाही. त्या दिवसापासून तिनं नियम केला. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या कुणीही, मग तो कितीही हुशार असो, एक उधाण अनवाणी बांधावर चालल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही. शहरातली पोरं नाकं मुरडत पँटी दुमडायची. पुढे हिरामावशी चालायची, आपल्या तळपायांच्या भरवशावर. मध्येच थांबून टाच रुतवायची, म्हणायची, हितं गार लागतंय. खाली वाकून बघावं तर खेकड्याचं बीळ आणि त्यातून दोऱ्याएवढी पाण्याची धार. आमच्या तारांना ती ओल कळायला आणखी बराच वेळ लागायचा. कधी उलटंही व्हायचं, मावशी घरात असायची आणि तारांना आधी कळायचं. दोघींची गरज आहे, कुंदा म्हणायची, पण शेवटचा शब्द कुणाचा ते ठरवायला हवं.

तेव्हा मी तिला चिंधीची गोष्ट सांगितली. तिच्या गावच्या घरात, त्याच चुलीपुढे बसून. तिनं दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. मग म्हणाली, यंत्राला नाय म्हणायची सोय नसली की माणूस त्याच्या तोंडात चिंधी कोंबणारच. मग आपण सोय करू. दुसऱ्या दिवशी रोह्याच्या भंगारवाल्याकडून मी दोन मोठी बटणं आणली, चिखलाच्या हातानं दाबता येतील अशी. स्टिकर लावले तर खाऱ्या हवेत आठवड्यात गळून पडायचे, म्हणून पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यातल्या एका कारागिराकडून पेटीवर ऑइलपेंटनं अक्षरं काढून घेतली. गणपतीचे डोळे आखणारा हात तो, एकावर ‘हाय’ आणि दुसऱ्यावर ‘नाय’ असं झोकात लिहिलं त्यानं. तारांना ओल जाणवली की पेटी घरात टिकटिक करणार आणि कुठल्या खांबाजवळ ते दाखवणार. माणूस जाऊन बघणार. हाय दाबलं की गावाचा भोंगा वाजणार, बांधाच्या पहिल्या टप्प्याला एकदा, दुसऱ्याला दोनदा, म्हणजे कुठे धावायचं ते कळेल. नाय दाबलं की पेटी गप्प. आणि कुणीच काही दाबलं नाही तर थोड्या वेळानं भोंगा आपोआप वाजणार. इतकं साधं होतं ते.

एक अवघड प्रसंग मी लपवणार नाही, कुंदानंही लपवला नव्हता. सुरुवातीला पेटी एकट्या हिरामावशीच्या घरी होती. एका उधाणाला मावशीचं अख्खं घर गडब गावी लग्नाच्या हळदीला गेलं. घर बंद, पेटी रिकाम्या घरात टिकटिकत राहिली. भोंगा आपोआप वाजला खरा, पण तोवर उशीर झाला होता, एका घराचं भाताचं खाचर खारं झालं. कुंदा त्या घरी गेली, उंबऱ्यात उभी राहून चूक झाली म्हणाली. त्या घरच्या बाईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि ते बरोबरच होतं. संस्थेच्या समितीनं मात्र हा प्रसंग उचलून धरला. बघा, त्यांनी म्हटलं, माणूस हाच यातला कच्चा दुवा आहे, माणूस काढा. अहवालात हिरामावशीच्या चालण्याला त्यांनी ‘मानवी विलंब’ असं नाव दिलं होतं. कुंदानं भर बैठकीत विचारलं, एक माणूस कमी पडला तर दुसरा जोडायचा, की पहिलाही काढून टाकायचा? आणि परत येऊन तिनं चार घरांत चार पेट्या बसवल्या. दर उधाणाला एका घराची पाळी. त्या घरानं उत्तर दिलं नाही की टिकटिक पुढच्या घरी. चौथं घर तिचं स्वतःचं. आपल्या पाळीच्या अमावास्या-पुनवेला ती शहरातून सगळं टाकून गावी यायची.

मग समितीनं शेवटची अट घातली. हाय राहू दे, नाय काढा. लोकांनी चुकून नाय दाबलं तर जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न वाईट नव्हता, आणि त्याचं उत्तर गावानं आधीच दिलेलं होतं. ज्यानं नाय दाबलं त्यानं ओहोटी लागेपर्यंत त्या जागेवर बांधावर बसून राहायचं, हा नियम चार घरांनी आपसांत केला होता, कुणी न सांगता. कुंदानं तो समितीला सांगितला. म्हणाली, तुमच्यापैकी कोण येऊन बसणार असेल तर शेवटचा शब्द तुमचा. अट तरीही कायम राहिली. नाय काढलं तर यंत्र पुढच्या कितीतरी गावांना मिळणार, नाहीतर काम थांबणार.

आणि आता एसटी स्टँडवरचं भांडण. ते माझ्यामुळे झालं. मीच तिला म्हटलं, देऊन टाक ना गो ते एक बटण. भोंगा राहतोय, हाय राहतंय, बाकीच्या गावांना काहीतरी तरी मिळेल. एका बटणापायी इतक्या वर्षांचं काम बुडवतेस, हा नुसता हट्ट आहे. मी अजून पुष्कळ बोलले, तू नेहमीच अशी, वगैरे जुनी उणीदुणीही काढली. ती ऐकून घेत होती. रोह्याची गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा ती मागून म्हणाली, “शीला, चिंधी तूच कोंबली होतीस ना?”

मी मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसले, खिडकीतूनही बघितलं नाही. इतका राग आला होता मला. माझी एकमेव गुपित गोष्ट काढून तिनं माझ्या तोंडावर मारली असं वाटलं. तिनं मला टोचलं नव्हतं, तिनं मला फक्त आठवण करून दिली होती, हे मला दोन दिवसांनी, तिच्या घरात त्या थंडगार चहाच्या टोपासमोर उभी राहिल्यावर कळलं. तेव्हा उत्तर कुणाला द्यायचं…

गेल्या आठवड्यात पराग रोह्याला माझ्या घरी आला. पराग तिचा विद्यार्थी, आता ते काम त्याच्याकडे आहे. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते. रडला माझ्यासमोर. मग पिशवीतून नवी पेटी काढली. देखणी, पांढरी, एक दिवा, बटण एकही नाही. तिला मॅडमचंच नाव देणार आहोत, म्हणाला. जुन्या पेटीचा आराखडा कुंदाच्या आणि माझ्या नावावर असल्यामुळे बदलाला माझी सही हवी होती. मी विचारलं, नाय कुठे आहे? तो खाली बघून म्हणाला की मॅडमही शेवटी तयार झाल्या असत्या. इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ती आता नाय म्हणू शकत नाही, म्हणून तू तिच्या वतीनं हो म्हणतोस? हेच तर ती तुला इतकी वर्षं करू नको म्हणून शिकवत होती. त्याला चहा दिला, आणि त्याच्या कागदावर सहीच्या जागी ठळक अक्षरात लिहिलं, नाय. वर सांगितलं, अमावास्येला ये. चपला काढून ये.

अमावास्येला पाळी कुंदाच्या घराची होती. हिरामावशीनं किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, पाली हाय तिची, घर बंद ठेवायचं नाय. मी तिच्या खोलीत जाऊन बसले. टोप घासून पालथा घातलेला होता. ऐन दुपारची भरती. पराग आला, बूट हातात धरून. मला खरं तर वाटत होतं की काही होऊ नये, आणि तेवढ्यात पेटी टिकटिकायला लागली. दुसरा टप्पा.

आम्ही गेलो. मी जन्मभर कंपनीचे बूट घातलेली बाई, माझ्या तळपायाला काही कळत नाही. गार म्हणजे किती गार, कुणास ठाऊक. हिरामावशी मागून येत होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती. पाळी तिची नव्हती. बांधाच्या आतल्या अंगाला, उताराच्या पायथ्याशी ओल दिसली, चांगली परातीएवढी. पलीकडे खाडी काठोकाठ आलेली. बीळ शोधलं, नव्हतं. मग कुंदा करायची ते केलं. बोट बुडवून जिभेला लावलं. खारं नव्हतं. परत लावलं. परागलाही चाखायला लावलं. आदल्या दिवशीच्या पावसाचं साचलेलं पाणी, गोडं. पराग म्हणाला, पण मशीन तर अजून… मी म्हटलं, मशीननं विचारलंय, सांगायचं आपल्याला आहे. बोलले खरं, पण घरी येऊन पेटीसमोर उभी राहिले तेव्हा आधी दोन्ही हात पुसून काढले. आतल्या बाजूला कुणाकुणाची शेतं होती ते मला माहीत होतं. मी नाय दाबलं. टिकटिक थांबली.

मग नियमाप्रमाणे जाऊन त्या जागेवर बसले. पाणी बांधाच्या कडेला लागलेलं, मधूनच एखादी लाट माती ओली करून जायची. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं पराग येऊन शेजारी बसला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मध्ये मध्ये त्या ओलीत बोट बुडवून चाखून बघत होता. पाणी उतरायला लागलं, बाहेरचा चिखल दिसायला लागला, तेव्हा तो उठला आणि म्हणाला की तो कागद मी समितीला आहे तसाच नेऊन देतो. पुढे काय होईल ते होवो, काम थांबेलही, पण माझ्या जिवात जीव असेपर्यंत त्या कागदावर माझ्या सहीच्या जागी दुसरं काही लिहिलं जाणार नाही.

जाताना कुंदाच्या घराला कुलूप लावायच्या आधी मी पेटी पुसून घेतली. ‘हाय’ची अक्षरं अजून नव्यासारखी आहेत. ‘नाय’ तिच्या अंगठ्यानं पार पुसट झालंय, काना तेवढा दिसतो. पेणला त्या कारागिराकडे जाऊन ते परत आखून घ्यायचंय, पुढच्या उधाणाच्या आत. त्या पुसट अक्षरांवर बोट ठेवून मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मोठ्यानं, रिकाम्या घरात. व्हय गो, मीच कोंबली होती. परत नाय कोंबणार.